न पेटवलेली

शिरोलीच्या फौंड्रीत माझं टेबल खिडकीला लागून.
व्हर्नियर, गेज, लाल खडू,
आणि समोर पंपाच्या बॉड्यांची रास.
पाव मिलिमीटर इकडंतिकडं झालं
की मी रेघ मारते. तेवढंच माझं राज्य.

खिडकीतून दिसतो वाळूचा ढीग,
ढिगामागं करंजाचं झाड.
सव्वाआठला बाबासो खोत उठतो,
त्याच्यामागं मन्सूर,
मग फेटलिंगची पोरं, कानातला बोळा काढत.
कुठं चाललाय, कुणी विचारत नाही.
दोन बोटं ओठांपाशी नेली की झालं.

एकदा रिजेक्टच्या टॅगमागं हिशोब मांडला.
सात मिनिटं, पाच वेळा.
रोजची पस्तीस.
सव्वीस दिवसांची नऊशे दहा.
वर्षाच्या बावीस पाळ्या, वर सहा तास.
मला इथं अकरा वर्षं झाली,
गुणायला घेतलं तर टॅग संपला.

मग एक दिवस मीही उठले.
"आलो जरा," म्हणाले.
आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात,
बोलण्यात आम्ही बरोबरीच्या.
चौगुले साहेबांनी मान वर केली.
"कुठं, मगदूम बाई?"
"बाहेर."
"कशाला?"

या 'कशाला'ला माझ्याजवळ काही नव्हतं.
डोळे शिणले म्हणावं तर चष्म्याचा नंबर बघा.
पाठ धरली म्हणावं तर बायकांचं हे असंच.
नुसतं उभं राहायचंय,
जोतिबाचा डोंगर आज दिसतोय का बघायचंय,
हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं?
बसले परत.
त्या दुपारी एक चांगली बॉडी रागानं नापास केली.
मग रेघ पुसली.
बिडाचा काय दोष.

अर्जही लिहिला होता.
विषय : विश्रांती सर्वांना सारखी मिळणेबाबत.
दोन दिवस डब्याच्या पिशवीत राहिला,
ठेच्याचं तेल लागून 'सारखी'वर डाग पडला.
दिला नाही.
मला ठाऊक होतं काय होईल ते :
गेटवर मशीन बसेल, त्यांची सात कापली जातील,
माझ्या वाट्याला एकही येणार नाही,
आणि नोटीस लागेल की आता सगळे समान.

कुणी सांगितलं खोताला, कुणास ठाऊक.
भट्टीवरचा माणूस, भुवया जळालेल्या,
अकरा वर्षांत माझ्याशी अकरा वाक्यंही बोललेला नाही.
टेबलावर एक बिडी ठेवली, लाल दोऱ्याची.
"ओढू नका वैनी. नुसती धरा."

धरली.
चौगुले साहेबांनी तोंड उघडलं,
माझ्या बोटांकडं बघितलं,
आणि मिटलं.

करंजाखाली मला कळलं
की ओव्हरटाईमची यादी इथंच ठरते.
दोन नंबरची लाईन दिवाळीनंतर बंद होणार,
हे इथं गणपतीच्या आधीपासून जुनं झालेलं.
मन्सूरच्या पोरीला सांगलीत नर्सिंग मिळालंय.
आणि मी आत बसून
फक्त मिनिटं मोजत होते.

खोताला ठसका लागला.
सवयीनं मी तोही मोजला.
थांबेना.
पोरं दुसरीकडं बघायला लागली,
मन्सूरनं पाण्याची बाटली पुढं केली,
खोतानं तोंड पुसलं, फडकं घडी घालून खिशात टाकलं
आणि म्हणाला, "वाळू हो. भट्टीची वाळू."
माझ्या टॅगवर
या मिनिटाला रकाना नव्हता.

डोंगर दिसत होता त्या दिवशी.
धुरकट, पण होता.

आता रोज जाते, दोनदा.
बिडी तीच. पानाच्या कडा झिजल्यात,
तंबाखू थोडी थोडी गळून ॲप्रनच्या खिशात साठलीय,
घरी धुताना सासूबाई वास घेऊन बघतात
आणि काही बोलत नाहीत.

परवा साहेबांनी दारातच अडवलं.
"बाई, तुमची ही बिडी संपत कशी नाही?"

"अकरा वर्षांची आहे, साहेब," म्हटलं,
"सावकाश ओढतो."