या कानाचं त्या कानाला

तुर्कूत नोव्हेंबरची दुपार तीनलाच विझते.
ओइवा लेहतोवारा दारात उभा राहून बूट झटकत होता,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
"प्रीअँप हवाय," म्हणाला. मग आणखी मोठ्यानं,
"प्रीअँप!"
जशी बहिरी मीच.

दुकान रूरिकचं. मी मागच्या खोलीत डाख देणारी.
त्यानं पहिला लावला तो चंदेरी, पातळ,
अंगावर एकच नॉब, बाकी सगळं रिमोटमध्ये.
"वाटेत काहीच नाही," रूरिक म्हणाला,
"आवाज आला तसाच पुढे जातो."
दुसरा व्हॉल्व्हचा. चार तांबूस दिवे,
आणि त्यातून गाणारी बाई
नुकतीच कॉफी पिऊन बसलेली.
किंमत ऐकून ओइवानं रुमाल काढला,
पुसलं काहीच नाही, परत ठेवला.

मी दारातून बघत होते.
ऐकता ऐकता त्याची मान डावीकडे वळत जाई,
उजवा कान पुढे,
बंद दाराशी कानोसा घ्यावा तशी.

"यात ते नाही का, डावं-उजवं करायचं?"
"बॅलन्स? हल्ली कुणी देत नाही.
एक सांधा वाढतो. सांधा वाढला की खरखर."
ओइवा म्हणाला, "एकतीस वर्षं गोदीत होतो.
जहाजाच्या पोटात.
हातोडेवाला माझ्या डावीकडे उभा असायचा."
मग म्हणाला, "चांगला होता बिचारा."

प्रीअँप तसा फार काही करत नाही.
ताकद पुढच्या पेटीची.
हा फक्त कुजबूज उचलतो,
कुणाचं ऐकायचं ते ठरवतो,
आणि किती.
मी फळीवरून लाकडी पेटीतला जुना काढला,
कुणी दुरुस्तीला टाकून कधीच न नेलेला.
बॅलन्सचा नॉब बारावरून अकरावर,
अकरावरून दहावर.
दहाला ओइवाची मान सरळ झाली.
"इथं," म्हणाला तो, दोन स्पीकरांच्या मधे
रिकाम्या गालिच्याकडे बोट दाखवून,
"इथं उभी आहे ती."

मी पेन्सिलनं दहावर रेघ मारली.
सांगितलं, डाव्याला जास्त मिळत नाही हं,
उजव्याचंच थोडं काढून घेतो हा.
तो विचारात पडला.
"क्युल्लिक्कीला कळेल?
नाही कळायचं. ती शिवत बसते.
तिला गाण्याचं काही नाही."
रूरिकनं नव्वद युरो सांगितले
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

फेब्रुवारीत तो पेटी घेऊन आला, शालीत गुंडाळून.
"फिरवलं की खरखरतो म्हणे."
कोण म्हणे?
"क्युल्लिक्की. धूळ पुसताना हात लागला असेल.
मी कशाला फिरवतोय?
दहावर लावला तो दहावरच आहे."
मंगळवारी न्यायला येतो म्हणाला,
किंवा शुक्रवारी. गुरुवारी जमत नाही,
गुरुवारी सकाळभर पोहायच्या तलावावर.

झाकण उघडलं.
आतला कार्बनचा पट्टा
दहा ते बारा एवढाच झिजलेला,
पायवाट पडावी तसा.
बाहेर, बारावर, आणखी एक रेघ.
बारीक, शिवणाच्या निळ्या खडूची.
आणि दहावरची माझी पेन्सिल पुसट झाली होती,
तिच्यावरूनही खडू फिरलेला,
रेघेवर नेमकी रेघ,
म्हणजे परत लावताना चूक नको.
त्याला त्या दिसल्या नसाव्यात.
किंवा दिसल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी फोन. बाईचा आवाज, हळू,
मागे शिलाई मशीन थांबल्याचा.
"बुधवारपर्यंत होईल ना?"
होईल, म्हटलं.
"आणि मी विचारलं हे—"
नाही सांगत.

कापसाला स्पिरिट लावलं.
आतली वाट पुसून काढली, दोनदा,
बाहेर एक थेंबही
ओघळू न देता.