गट नंबर दोनशे सतरा

तहसीलच्या मागच्या खोलीत
तालुक्याचे सगळे रस्ते मी स्क्रीनवर मांडले.
गाव म्हणजे ठिपका, रस्ता म्हणजे रेघ.
मग एकेक रेघ पुसायची
आणि बघायचं, कोणता ठिपका एकटा पडतो.
एवढंच काम. तीन महिन्यांचं कंत्राट.

राज्य रस्ता पुसला, फार बिघडलं नाही,
गाड्या वळसा घालून उशिरा का होईना पोचल्या.
कारखान्याचा बायपास पुसला, तरी चाललं.
तावरजेवरचा नळकांडी पूल पुसला
आणि सात गावं कोपऱ्यात जाऊन बसली,
पंगतीतून उठवल्यासारखी.

चार नळ्या. त्यातल्या दोन गाळानं बुजलेल्या.

दुधाचा टेम्पो चालवणारे खाजामियाँ
बशीत चहा ओतत म्हणाले,
'काय करलालाव, मॅडम? सात गावं कशी काय तुटतेत?
पाणी पुलावर चढलं की मी शेषाबाईच्या वावरातून काढतो.
गेल्या साली बाळंतपणाची बाई तिथूनच नेली,
कॅन खाली उतरवून.'

मी शोधलं. गट नंबर दोनशे सतरा.
नकाशात तिथं कोरी जागा.

दुसऱ्या दिवशी गेले.
पांदीच्या तोंडाशी बाभळीची काटी,
काटीवर फाटकं लुगडं, अंधारात दिसावी म्हणून.
शेषाबाईनं खुरपं बाजूला ठेवलं.
'बांधापायी दिराशी बोलणं नाही, बारा सालं झाली.
काटी त्याची बी हाय, माझी बी.
पर नदीचा आवाज बदलला की
त्यो तिकडून उचलतो, मी हिकडून.
तवा बी बोलत न्हाई आम्ही.'

परत येऊन रेघ ओढली.
रकाने भरल्याशिवाय रेघ टिकत नाही.
प्रकार: डांबरी, खडीचा, कच्चा?
रुंदी?
मी लिहिलं: एक टेम्पो, आरसे मिटून.
देखभाल कोणाकडे?
दोन नावं टाकली.
मधे 'आणि' लिहायला हात झाला नाही,
स्वल्पविराम दिला.

सातही ठिपके परत पंगतीत आले.

मग नियमाप्रमाणे
ही रेघही पुसून बघायची होती.
शेषाबाई एकसष्टची.
दिराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.
बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसले,
शेवटी दाबलंच.

अहवालात शिफारशींच्या पानावर
पहिलं वाक्य एवढंच आहे:
पुलाच्या दोन नळ्यांमधला गाळ काढावा,
पोळ्याच्या आत.