वस्तू क्रमांक एक्केचाळीस

माझं अक्षर वळणदार, म्हणून मला ठेवलंय.
निवृत्त चित्रकला शिक्षक, मानधन दीड हजार.
बंदरावरच्या जुन्या जकात कचेरीत
तालुक्याचा इतिहास आता तीन खोल्यांत मावतो,
चौथीत पालिकेच्या ताडपत्र्या.

पांढरं कार्ड, काळी शाई.
तोफेचा गोळा, एक. गंजलेला.
मामलेदारांची खुर्ची. वेत नंतर विणलेला.
गलबताची प्रतिकृती, आणि खाली देणगीदार,
गलबताच्या नावाहून ठळक.
समितीचं तसं म्हणणं पडलं.
खाऱ्या हवेत कार्डं सहा महिन्यांत पिवळी पडतात,
मी पुन्हा लिहितो. पुन्हा तोच गोळा,
पुन्हा तीच खुर्ची.

एक्केचाळीसवर लिहिलं होतं:
लाकडी पट्टी, वीतभर लांब, फणसाची. उपयोग अज्ञात.
पुढे कणकवलीचे एक पाहुणे बोलून गेले, तेही जोडलं:
बहुधा लहान मुलाचे खेळणे.
'बहुधा' हा शब्द मला आवडतो.
या खोल्यांत तेवढा एकच खरं बोलतो.

वैशाखातली दुपार. शेवंती कुबल
रिकामी पाटी दाराशी उपडी घालून आत आली,
पंख्याखाली.
नको म्हणत होतो, तरी तिकिटाचं नाणं टेबलावर ठेवलं,
खवल्यासकट.
तोफगोळ्याकडे बघून म्हणाली,
"असले तीन हत आमच्याकडे. चुलीक लावलेले."
खुर्चीपाशी ती थांबलीच नाही.

मग एक्केचाळीस. काचेला कुलूप नसतं.
तिने पट्टी उचलली, न विचारता,
आपल्या घरातली उचलावी तशी,
आणि रुंदीवर आपली चार बोटं ठेवली.

"ह्यां खेळणां न्हय, मास्तरांनु.
जाळ्याचा माप ह्यां."

दोरा नव्हता, तरी तिचे हात फिरू लागले:
पट्टीला वेढा, गाठ, ओढ, सरकव,
वेढा, गाठ, ओढ, सरकव.
हवेत एक ओळ विणून झाली.
"प्रत्येक आस एवढीच होयी.
बारको मासो सुटाक होयो.
सुटलो तर मोठो जातलो,
मोठो जालो तर गावतलो."

आमच्याकडे पायली आहे, शेर आहे, पितळी तराजू आहे.
सगळं काही ना काही भरून मोजणारं.
भोकाचं माप मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आणि जाळां खय हा?" तिने विचारलं.
जाळं नाही. जाळं कुणी आणून दिलं नाही.
"जाळां कुसता," ती म्हणाली, "माप रवता."
आणि खिडकीतून लांबच्या ट्रॉलरकडे बघत,
"आता खसखशीएवढो पण येता वर."

कुणाची पट्टी, तिला सांगता येईना.
तिची बोटं ठेवली की तांदळाच्या दाण्याएवढी फट उरत होती.
माझी खडू धरलेली बोटं, त्याहून बारीक.
कुणाचा तरी हात आमच्या दोघांहून रुंद होता.
रजिस्टरात पान बावीस:
नाव नोंदलेले नाही.

ती गेल्यावर नवं कार्ड घेतलं.
'बहुधा' खोडताना जरा वाईट वाटलं.
उपयोग लिहिला, लाकूड लिहिलं,
आणि देणगीदाराच्या ओळीवर येऊन
बोरू थांबला.
मग पट्टीच कार्डावर आडवी ठेवली,
दोन्ही कडांना बारीक टिंब दिलं
आणि मधली जागा तशीच सोडली.

समितीच्या बैठकीत यावर प्रश्न येईल.
नाण्यावरचा खवला कोपऱ्यात चिकटून बसलाय,
शाई वाळेपर्यंत मी तो काढणार नाही.
नंतरही, बहुधा.