उजवा कान

नायगावच्या म्युनिसिपल शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
बाकं भिंतीकडे सरकवून
शिपाई गुरवानं खडूनं गोल काढला,
मधे खिळा, खिळ्याला सुतळी.
आत नाटक, भोवती माणसं.
पडदा नाही. विंग नाही.
मग मी कुठे उभा राहू, विचारलं,
तर दिवेकरबाई म्हणाल्या, बसा की लोकांत.

एकतीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं,
गिरण्यांच्या स्पर्धांपासून.
शब्द नटाला पोचायचा, पहिल्या रांगेला नाही,
एवढीच काय ती कला.
तेवढ्या वर्षांत अच्युत पेडणेकरचा
उजवा कान पाहिला मी फक्त:
पाळीवर मस, आत दोन पांढरे केस,
वाक्य अडलं की किंचित मागे यायचा,
दाराशी घुटमळणाऱ्या मांजरासारखा.

इथे सगळ्यांना सगळे दिसतात.
समोरच्या बाईंच्या पिशवीतून डोकावणारा शेपू,
त्यांच्यामागे कुणाची तरी जांभई,
जांभईमागे भिंतीवर बे ते तीस पाढे.
अच्युत एकाकडे तोंड करतो
तेव्हा दुसऱ्याला पाठ.
नाटक पाठ होतं, पण पाठ कुणाला तरी होतीच,
म्हणून फिरत राहिला,
रात्रपाळीच्या वॉचमनसारखा.

दुसऱ्या अंकात, मुलीचं पत्र हातात घेऊन
तो थांबला.
पान एकेचाळीस.
कान सवयीनं मागे आला.
मागे मी नव्हतो.
तिथे एक कॉलेजचा मुलगा होता, त्यानं पाय आवरून घेतले.
अच्युत वळला. अजून वळला.
अर्धा गोल तुडवून माझ्यापुढे आला, तीन फुटांवर.

वाक्य माझ्या जिभेवर होतं:
शाई पुसट झालीय, की माझेच डोळे?
पण हा चेहरा मी असा समोरून
कधी पाहिलाच नव्हता.
एवढा म्हातारा केव्हा झाला हा.
डाव्या कानात मशीन. कधीपासून?
आणि मी वाक्य द्यायचं विसरलो.

वर पंखा. खाली गल्लीत कुणीतरी
स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
शेपूवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.
मग त्यानं पत्राची घडी घातली,
माझ्या खिशात सरकवली
आणि गोलाच्या मध्यावर जाऊन
पुढलं वाक्य घेतलं.

घरी येऊन संहितेत पेन्सिलीनं लिहिलं:
इथे थांबणे.
पत्र उघडलं. कोरं.
नाटकातली पत्रं कोरीच असतात,
हे निदान मला तरी ठाऊक असायला हवं होतं.
उद्या आठवणीनं परत न्यायचंय.
प्रयोग सहाला आहे.