भुलगा

दिवाळ्याच्या जेटीवर हासूरामने
ओल्या गोणपाटातून उचलून दाखवला,
तेव्हा मला वाटलं, टायरची ट्यूब आहे.
राखाडी, गुळगुळीत, पाठीवर पर नाही,
आणि तोंड असं, की कुणी नुकताच विनोद सांगितलाय.
"यो भुलगा हाय. आवस डोलीन मेली.
नाव नको ठेवू त्याला, नाव रुततं."

मी नेरूळच्या एका सोसायटीचा लाइफगार्ड.
पोरांचा तलाव फरशीसाठी बंद होता.
सेक्रेटरी कुरुविलांनी चावी दिली
आणि म्हणाले, मला काही माहीत नाही.
टँकरने खाडी आली,
चिखलासकट, वासासकट,
बी विंगने खिडक्या लावून घेतल्या.

कांदळवन कक्षाच्या डॉक्टर तेजस्विनी
तारल्या वाटायला सांगून गेल्या.
बायकोचा मिक्सर त्यातच गेला.
रात्रभर कठड्यावर बसून
एक श्वास, एक रेघ.
फूस. रेघ. फूस. रेघ.
दोन रेघांमधल्या कोऱ्या जागेत
माझाही श्वास अडकायचा.

पोरांना शिकवताना
मी पोटाखाली हात धरतो,
म्हणतो, सोडणार नाही,
आणि सोडतो.
बारा वर्षं याच खोट्यावर घर चाललंय.
त्याला मी काहीच म्हणालो नाही.
तो आपला यायचा, तळव्यावर हनुवटी ठेवायचा.

एकेचाळिसाव्या दिवशी, करंजाच्या पुढे,
हासूरामला पाण्यावर सुरकुती दिसली.
"हायत. चार-पाच हायत."
गोणपाट उघडलं.
तो गेला, वळला,
होडीच्या फळीला नाक लावून थांबला.
एकदा. दोनदा.
"हात लपवा," डॉक्टर म्हणाल्या.
आम्ही तिघं काखेत हात घालून बसलो,
वर्गाबाहेर उभी केलेली पोरं जशी.
इंजिन बंद. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग दूर कुठेतरी, फूस.
पाठीला पर नाही, अंगावर खूण नाही.
तो होता की दुसरा कुणी,
विचारायचं कुणाला?
वहीत मी एक रेघ ओढली,
समोर नाव लिहायची जागा तशीच ठेवली.

सोमवारी फरशीवाले आले.
तळाशी बोटभर चिखल,
त्यात एक चिंबोरी, जिवंत,
नांग्या उगारून माझ्याशीच भांडायला उभी.
बादलीतून दिवाळ्याला नेली.
हासूराम जाळं विणत होता,
मान वर न करता म्हणाला,
"इला पन सोराची, का कालवन करू?"