साल

पहाटे पाचला निघालो तेव्हा सतरा डोकी होती,
सतरा टोप्या, प्रत्येकी दोन बाटल्या,
आणि फादर अब्रान्तेशचा आशीर्वाद, जो त्यांनी
दाढीला साबण लावलेल्या तोंडानं
खिडकीतूनच दिला.

आलेन्तेजूत जुलैला सकाळ नसते.
रात्र संपते आणि दुपार दार न वाजवता आत येते.
दहा वाजता पाखरं गप्प झाली,
अकराला तेल्मू.
तेल्मू गप्प होणं म्हणजे चर्चची घंटा बंद पडणं :
गावाला आधी बरं वाटतं, मग काळजी.

नकाशा माझ्या वडिलांचा.
त्यावर निळ्या पेन्सिलीनं एक टिंब. झरा.
"त्या वळणापलीकडे," मी म्हणाले.
वळणं तीन झाली.
"पलीकडेच," मी पुन्हा म्हणाले, आणि माझा आवाज
मलाच उसना वाटला.

झरा होता. म्हणजे दगडी कुंडी होती,
लोखंडी तोटी, तोटीच्या तोंडात कोळ्याचं जाळं,
तळाला गेल्या साली गळलेली पानं
आणि कुणाची तरी एकच निळी चप्पल.

मला कुणी काही बोललं नाही.
पंधरा वर्षांची मुलं बोलत नाहीत तेव्हा हिशेब करत असतात.
किरीनूनं बाटली उन्हात धरली,
उरलेल्या पाण्याची रेघ नखानं मोजली,
आणि स्वतः न पिता कितेरियाकडे दिली.
मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.
त्या दिवशी मला तेवढंच नीट जमलं.

मग बुचाची झाडं लागली.
बुंध्यापासून फांद्यांपर्यंत सोललेली,
आतून तांबडी, आमच्या मानांसारखी भाजलेली.
खोडाखोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा :
साल काढली त्या सालाचा शेवटचा अंक.
त्यानंतर नऊ वर्षं हात लावायचा नाही.
घाई केली तर झाड जातं.

ईरिया मार्चपासून फारशी बोलत नव्हती,
आई लक्झेंबुर्गला हॉटेलातल्या चादरी बदलायला गेली तेव्हापासून.
ती एका खोडाशी थांबली.
"सात," म्हणाली.
मग पुढच्या झाडापाशी,
"सातला मी पहिलीत. सायकलवरून पडले. आईनं फुंकर घातली."

"नऊ," मागून कुणीतरी. "आजोबांनी गाढव विकलं."
"शून्य."
शून्यापाशी सगळेच जरा रेंगाळले. त्या साली
शाळेला कुलूप होतं आणि ही मुलं
खिडक्यांतून एकमेकांना आपापली कुत्री दाखवत होती.
"तीन!" तेल्मू, घोगरा. "तीनला मी बेनेदिताला चिठ्ठी..."
"दिलीच नाहीस," बेनेदिता.
कोरड्या घशातलं हसू खोकल्यासारखं ऐकू येतं.

असे चार किलोमीटर.
तहान कुठे गेली नव्हती,
फक्त आता ती रांगेत सर्वांत मागे चालत होती,
माझ्या शेजारी.

शेवटच्या झाडावर पाच. रंग अजून ओला.
सावलीत कुऱ्हाडी, जुना ट्रक,
आणि झुल्मिरा नावाची बाई, जिनं काही न विचारता
बुचाच्या पळीनं मडक्यातलं पाणी वाढलं.
एकेकाला. घाई न करता.
पाण्याला झाडाची चव होती.

"हे परत कधी सोलणार?" ईरियानं विचारलं.
"चौतीस साली. मी नसेन बहुतेक.
तुम्ही या."

कुणी हो म्हणालं नाही.
बोटं मात्र हलली : चोवीस, चोवीस, पंचवीस.
मी मोजलं नाही. मी यांच्याएवढी होते तेव्हा
आम्ही अकरा जण याच वाटेनं गेलो होतो.
गावात उरले ती मी, आणि हा नकाशा.
तेल्मूनं ओल्या रंगाला बोट लावलं
आणि घरी जाईपर्यंत पुसलं नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थनेला
सगळ्यांच्या नाकांची साल निघत होती.
सवयीनं मी पहिल्या बाकापासून मोजायला लागले.
मागून ईरिया कुजबुजली,
"सोळा. तेल्मू झोपलाय."