स्प्रूसला वेळ लागतो

आर्वो निस्कला दुकानात आला तेव्हा
कोलंबिया नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता,
आणि त्याच्या काखेत ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी,
झोपलेलं पोर धरावं तसं.

मी आधी हात पाहिले.
गिऱ्हाइकाचे हात आधी, खिसा मग,
असंच शिकले मी.
साठ वर्षं सॅमनची जाळी ओढलेले हात.
बोटं आता अर्धीच मिटतात,
करंगळी तर मिटतच नाही.

"मँडोलिन हवंय," म्हणाला.
"फार मोठं वाजणारं नको. मला ऐकू येईल एवढं.
आणि लवकर."

भिंतीला माझे स्प्रूसचे फळे उभे,
पांढरे, ताठ, पहिल्या बाकावरच्या मुलांसारखे.
वीस वर्षं मँडोलिनच्या तोंडावर
मी स्प्रूसच लावत आलेय.
आठ तारांचा ताण अंगावर घेतो,
कणा वाकू देत नाही.
फक्त सुरुवातीला घुम्यासारखा बसतो.
वाजवत राहावं लागतं, रोज, जोर लावून,
मग कुठे आठव्या-दहाव्या वर्षी
त्याचा गळा सुटतो.

हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगते.
त्यालाही सांगू लागले
आणि "दहाव्या" या शब्दापाशी अडखळले.
त्याने वर पाहिलं. एक्क्याऐंशी वर्षांचे डोळे.
"बोल की," म्हणाला.

मी काही बोलले नाही. मग त्यानेच ताडपत्री सोडली.

आत सीडरचा ओंडका, हातभर लांब,
कुऱ्हाडीने फोडलेला, करवत न लागलेला.
बापाने घरासाठी लाकडी कौलं फोडली होती,
छप्पर पुरं झालं, हा तेवढा उरला.
"पुढच्या गळतीला होईल," म्हणून शेडमध्ये ठेवला.
छप्पर गळलं तेव्हा बाप नव्हता
आणि पोरांनी पत्रे घातले.
"पोरांनी म्हणजे मीच," आर्वो म्हणाला.

फोडलेलं लाकूड खोटं बोलत नाही,
रेषा जाईल तिकडूनच फुटतं.
मी कडेची वलयं मोजली:
बोटाच्या रुंदीत तीस.
रंग दालचिनीच्या सालीचा,
वास असा की दुकानातला सरसही गप्प झाला.

तरी मी कुरकुरले.
मऊ आहे. नख टेकलं तरी वळ उठतो.
ताराखाली बसेल, सांध्याशी चिरेल.
आणि खरं तर हा सीडरही नव्हे,
झाडांच्या वंशावळी लिहिणारे म्हणतात,
नुसत्या नावाने घरात वाढलेला कुणी दूरचा.

आर्वो ऐकत होता, की नव्हता.
त्याचा डावा कान मुळी बंदच आहे.

त्या रात्री एक फळी काढली,
दोन बोटांत कोपरा धरून
अंगठ्याने हलकंच ठोकलं.
बोट उठायच्या आत उत्तर आलं.
पुन्हा ठोकलं, आणखी हलकं,
ज्याची बोटं मिटत नाहीत त्याने ठोकावं तसं.
पुन्हा आलं.

मग ठरवण्यासारखं काही राहिलं नाही.
छत अर्ध्या मिलीमीटरने जाड ठेवलं,
आतून दोन तिरक्या पट्ट्या, फुलीसारख्या,
आणि तारा माझ्याकडच्या सगळ्यात बारीक.
भुशाने तीन आठवडे शिंकत होते.
नवरा म्हणाला, अंथरुणालाही त्या झाडाचा वास येतोय.

न्यायला आला तेव्हा
त्याने कुठली धून वाजवली नाही.
एकच तार छेडली, मग उजवा कान
लाकडाला लावून बसून राहिला.
उठताना नख लागलं. सुरांच्या भोकाशेजारी
चंद्रकोरीएवढा वळ.
मी ओला कपडा आणि इस्त्री आणायला वळले,
वाफेने वर येतो असा वळ.
"राहू दे गं," म्हणाला.

ओंडक्याचा अर्धा भाग उरला होता.
आणखी दोन वाद्यं सहज निघतील, मी सुचवून पाहिलं,
पैसेही देऊ केले.
त्याने तो ताडपत्रीत गुंडाळला,
दोरीला कोळ्याची गाठ मारली, काखेत घेतला.
"शेडमध्ये ठेवतो," म्हणाला,
"पुढच्या गळतीला होईल."